मूठ सोडली की फट्‌फट् : दुचाकीविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी एकाच तक्रारीची पत्रं एकत्र घेतली आहेत. गाडी वेगात असताना ॲक्सिलरेटरची मूठ सोडली की सायलेन्सरमधून फट्‌फट् आवाज येतो, ही ती तक्रार. रोग दिसायला एक, पण कारणं वेगवेगळी, आणि बहुतेक वेळा उपचार चुकीच्या टोकाकडून सुरू होतो.

प्रश्न : माझी २०१३ ची ३५० सीसी, कार्बोरेटरची, सिंगल सिलिंडर गाडी आहे. सायलेन्सर गंजला म्हणून बाजारातला दुसरा बसवला. तेव्हापासून आंबेनळी घाट उतरताना मूठ सोडली की फटाक्यांची लड लागल्यासारखा आवाज होतो. कार्बोरेटर दोनदा साफ झाला, प्लग नवा टाकला, फरक शून्य. सपाट रस्त्याला गाडी उत्तम चालते. काय करावं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कार्बोरेटरला तूर्त हात लावू नका. तक्रार सायलेन्सर बदलल्यावर सुरू झाली, म्हणजे शोधही तिथूनच सुरू करायचा.

आधी आत काय घडतं ते पाहू. घाट उतरताना गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आहे, इंजिन तीन-साडेतीन हजार आरपीएमवर फिरतंय आणि मूठ पूर्ण मिटलेली आहे. सिलिंडरमध्ये जेमतेम चिमूटभर मिश्रण येतं आणि त्यात मागच्या फेरीचा जळका वायूही मिसळलेला असतो. ठिणगी पडते, पण असं पातळ मिश्रण दर वेळी पेट घेत नाही. न जळलेलं पेट्रोल तसंच एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून तापलेल्या बेंड पाइपमध्ये, म्हणजे इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतच्या वाकड्या नळीत, जातं. तिथे ते पेटायला ताजी हवा लागते. ती मिळाली की पुढच्या जळत्या फेरीबरोबर ते सायलेन्सरच्या पोटात उडतं. तोच तुमचा फट् आवाज. म्हणजे दोन प्रश्न विचारायचे : पेट्रोल न जळता का सुटतंय, आणि सायलेन्सरमध्ये हवा कुठून येतेय? तुमच्या बाबतीत दुसरा प्रश्न आधी.

बेंड पाइपमधला दाब सतत बाहेरच ढकलत असतो, त्यामुळे फटीतून हवा आत कशी येईल, असं पुष्कळांना वाटतं. पण एक्झॉस्टचा वायू ठोक्याठोक्याने जातो. प्रत्येक ठोक्यामागे दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो आणि त्या क्षणी फट हवा ओढते. कागदाएवढी फटही पुरते.

तपासणी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना आणि उघड्या जागी करा. बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवू नका, एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो. एका बाटलीत साबणाचं पाणी घ्या. बेंड पाइप सिलिंडर हेडला जिथे लागतो तो जोड आणि बेंड पाइपवर सायलेन्सर चढतो तो क्लॅम्प, दोन्हींवर फवारा. गाडी सुरू करा आणि दुसऱ्या माणसाला जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड दोन-तीन सेकंद दाबून धरायला सांगा. फट असेल तिथे बुडबुडे येतील किंवा फुस्स आवाज ऐकू येईल. जोडाभोवती काजळीचे काळे पट्टे असतील तर फवाऱ्याचीही गरज नाही, पुरावा समोरच आहे. हे सगळं गाडी सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात उरका. पाइप तापला की साबणाचं पाणी उडून जातं आणि हात भाजतो.

हेडच्या तोंडाशी एक्झॉस्टचं पॅकिंग असतं, धातूची किंवा ग्रॅफाइटची गोल रिंग. ती एकदाच दबते. सायलेन्सर काढून तीच रिंग परत लावली तर ती दुसऱ्यांदा बसत नाही. सायलेन्सर बदलताना सर्रास होणारी चूक हीच, आणि वस्तू अगदी स्वस्त. नवी रिंग घाला. दोन्ही नट आधी हाताने लावा, सायलेन्सरचे मागचे बोल्टही सैलच ठेवा. मग पुढचे नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा आणि शेवटी मागचे बोल्ट घट्ट करा. मागचं आधी आवळलं तर बेंड पाइप तिरका ओढला जातो आणि रिंग एका बाजूने उघडी राहते. बाजारातल्या सायलेन्सरचा व्यास बेंड पाइपपेक्षा जरा मोठा असणंही नेहमीचंच. तिथे नुसता क्लॅम्प आवळून भागत नाही, मधली ग्रॅफाइटची बुश लागते.

जोड पक्के निघाले तर दुसरा संशयित सेकंडरी एअरची व्यवस्था. हेडच्या एक्झॉस्ट बाजूला जाणारी जाड रबरी नळी तुमच्या गाडीला असेल तर ती पाहा. एअर फिल्टरकडची थोडी ताजी हवा ती एक्झॉस्टमध्ये सोडते. प्रदूषण कमी व्हावं म्हणूनच ती दिलेली असते. मूठ मिटल्यावर मॅनिफोल्डमधल्या (कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या नळीतल्या) व्हॅक्यूमने एक पडदा ओढला जातो आणि ही हवा बंद होते. पडदा फाटला, किंवा त्याची पेन्सिलीएवढी बारीक नळी तडकली, निसटली, की हवा नेमकी नको तेव्हा चालू राहते. चाचणी पाच मिनिटांची आहे : जाड नळी पक्कडीने दाबा (मध्ये कापड ठेवा, रबर कापू नका), क्लिप लावून तसाच घाट उतरून पाहा. आवाज थांबला तर दोष व्हॉल्व्ह किंवा बारीक नळीत. व्हॉल्व्ह बदला. नळीत गोळी कोंबून ती कायमची बंद करण्याचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. आजार तसाच राहतो आणि गाडीचा धूर वाढतो.

आता पहिला प्रश्न, पेट्रोल न जळता का सुटतंय. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबरी मॅनिफोल्ड वाकवून पाहा. आठ-दहा वर्षांत त्याला बारीक भेगा पडतात आणि सरळ असताना त्या दिसत नाहीत. गाडी आयडलिंगला ठेवून जोडावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. आरपीएम बदलला तर गाडी तिथून ‘एअर घेते’. कार्बोरेटर क्लीनर किंवा पेट्रोल फवारू नका, शेजारीच तापता बेंड पाइप आहे.

एवढं सगळं झाल्यावर मगच मिक्श्चर स्क्रू, म्हणजे पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा कार्बोरेटरचा स्क्रू. मोकळा सायलेन्सर असेल तर मिश्रण थोडं पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं, ते इथे भरून काढायचं. मात्र स्क्रू कोणता ते ओळखा. तो कार्बोरेटरच्या इंजिनकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा : बाहेर फिरवला की मिश्रण दाट. एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा : आत फिरवला की दाट. हा फरक न पाहता ‘अर्धा आटा सोडा’ म्हणणाऱ्यांमुळे पुष्कळ गाड्यांचं दुखणं वाढतं.

दहा किलोमीटर चालवून इंजिन गरम करा. स्क्रू हलकेच टेकेपर्यंत आत घ्या, आटे मोजा, आकडा लिहून ठेवा. जोर लावला तर सुईसारखं टोक आत मोडतं आणि कार्बोरेटरच कामातून जातो. मग दीड ते दोन आटे बाहेर काढून सुरुवात करा. पाव-पाव आटा फिरवत जा आणि प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबा. जिथे आयडलिंग सर्वांत वर जातं तिथे थांबून स्लो स्क्रूने (आयडलिंगचा वेग ठरवणाऱ्या स्क्रूने) आरपीएम पूर्ववत खाली आणा. तिथून दाट बाजूला एक अष्टमांश ते पाव आटा. पेट्रोलचा स्क्रू तीन आट्यांपेक्षा बाहेर काढल्यावरच गाडी सुधारत असेल तर स्लो जेट (मूठ मिटलेली असताना पेट्रोल देणारं बारीक तोंड) तुंबलंय किंवा लहान पडतंय. त्या जेटचं भोक मिलिमीटरच्या निम्म्याहूनही कमी असतं. त्यात सुई किंवा तार घालू नका, क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा पुरे. जेट वाढवायचंच झालं तर एकच नंबर.

काही सीव्ही (व्हॅक्यूमने आतली स्लाइड उचलणाऱ्या) कार्बोरेटरच्या कुशीत आणखी एक छोटा पडदा असतो. मूठ मिटल्यावर स्लो जेटची थोडी हवा तोडून तो मिश्रण दाट करतो, नेमका हा आवाज टाळण्यासाठीच. साफसफाईत तो चिमटला किंवा फाटला तर नंतर कितीही ट्युनिंग करा, आवाज जात नाही. तुमचा कार्बोरेटर दोनदा उघडला गेला आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

प्रश्न : बीएस-६, फ्युएल इंजेक्शनची नवी गाडी. मूठ सोडली की एक-दोनदा हलकं ‘पुट्’ होतं. सर्व्हिसिंगमध्ये ‘नॉर्मल आहे’ म्हणाले. खरं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हलकं आणि एक-दोनदाच असेल तर खरं. वेगात मूठ मिटली की ईसीयू (इंजिनचा छोटा संगणक) पेट्रोल फवारणारा इंजेक्टर बंद करतो आणि आरपीएम आयडलिंगच्या जरा वरपर्यंत उतरला की पुन्हा सुरू करतो. बंद-चालूच्या त्या सांध्यावर एखाद-दुसरी फेरी अर्धवट जळते.

आवाज वाढत गेला, मायलेज उतरलं किंवा इंजिनचा पिवळा दिवा लागला तर मात्र थांबू नका. अशा गाडीत ऑक्सिजन सेन्सरच्या (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या) आधीची एक्झॉस्टची फट फार फसवते. सेन्सरला बाहेरची हवा दिसते, तो ‘मिश्रण पातळ’ असं कळवतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो, ते जादा पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जळतं आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होतो. रिंग काहीशे रुपयांची, कन्व्हर्टर काही हजारांचा. दिवा लागला असेल तर आधी ईसीयूत नोंदलेला दोषाचा कोड वाचून घ्या. तो पुसून टाकल्यावर कारण शोधणं दुप्पट अवघड होतं.

प्रश्न : थंडीत सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर आवाज येतो, मग बंद होतो. कार्बोरेटरची १०० सीसी गाडी आहे.
— एक वाचक, निफाड

उत्तर : निफाडच्या थंडीत हे होणारच. गार मॅनिफोल्डमध्ये पेट्रोलची नीट वाफ होत नाही, भिंतीला थेंब चिकटतात आणि सिलिंडरला पातळ मिश्रण मिळतं. चोक ओढून सुरू करा, मिनिटभराने अर्धा सोडा आणि पहिला किलोमीटर मूठ एकदम मिटू नका. गरम झाल्यावरही आवाज राहिला तरच वरची तपासणी.

प्रश्न : वरंध घाट उतरताना पेट्रोल वाचावं म्हणून मी किल्ली बंद करतो. परवा खाली येऊन किल्ली चालू केली तर बंदुकीसारखा बार झाला आणि सायलेन्सरचा जोड उकलला.
— एक वाचक, महाड

उत्तर : किल्ली बंद केल्याने ठिणगी बंद होते, पेट्रोल नव्हे. गाडी गिअरमध्ये असल्याने पिस्टन पंपासारखा चालत राहतो आणि कार्बोरेटरच्या स्लो जेटमधून पेट्रोल ओढत राहतो. सगळा घाटभर ते न जळता सायलेन्सरमध्ये साठलं आणि पहिल्या ठिणगीला एकदम उडालं. वाचलं काहीच नाही, उलट सायलेन्सर गेला. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन टाकतं, ते नुकसान तर दिसतही नाही. शिवाय किल्ली बंद म्हणजे हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवाही बंद, तेही वरंधसारख्या घाटात.

न्यूट्रलमध्ये उतरणं त्याहून वाईट, कारण मग सगळा भार ब्रेकवर येतो. किल्ली चालू ठेवा, चढायला जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरा. इंजेक्शनची गाडी असेल तर उतारावर ती स्वतःच पेट्रोल तोडते, तुम्ही काही करण्याची गरज नाही.

प्रश्न : पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून माझी २००९ ची १२५ सीसी गाडी मूठ सोडल्यावर फटफटते. संबंध आहे का?
— एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर : असू शकतो, आणि हिशेब सोपा आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असल्याने त्याला ९ किलोच पुरते. २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५ आणि १० टक्क्यांच्या मिश्रणाला १४.१. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो पूर्वीच्याच मापाने पेट्रोल देतो. म्हणजे १० वरून २० टक्क्यांवर आल्यावर मिश्रण सुमारे चार टक्के पातळ होतं, शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तर आठ टक्क्यांपर्यंत. जी गाडी आधीच काठावर होती ती फटफटू लागते. ऑक्सिजन सेन्सरच्या इंजेक्शन गाड्या हा फरक आपोआप भरून काढतात.

तुमच्या गाडीला पेट्रोलचा मिक्श्चर स्क्रू पाव ते अर्धा आटा बाहेर पुरेल. न पुरल्यास स्लो जेट एक नंबर वाढवा. त्याआधी पेट्रोलची नळी, कार्बोरेटरच्या ओ-रिंग आणि फ्लोटच्या निडल व्हॉल्व्हचं रबरी टोक पाहा. जुन्या गाड्यांचं रबर या मिश्रणासाठी बनवलेलं नाही, ते फुगतं किंवा कडक होतं. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर शाबूत ठेवा. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरचा ड्रेन स्क्रू सोडून वाटी रिकामी करा.

प्रश्न : मित्रांच्या गाड्यांना इंदोरी सायलेन्सर आहे, बटण दाबलं की फटाका वाजतो. इंजिनला त्रास होतो का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बटण म्हणजे क्षणभर ठिणगी तोडणं. वरच्या महाडच्या पत्रात जे नकळत झालं तेच इथे मुद्दाम करायचं. सायलेन्सरमधली जाळी आणि ग्लासवुल उडून जाते, कन्व्हर्टर असेल तर तो फुटतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्हला नाहक उष्णता बसते. आणि शेजारून जाणारा सायकलस्वार किंवा कडेवर मूल घेतलेली बाई त्या आवाजाने दचकून पडू शकते, हे आम्हाला इंजिनाहून मोठं वाटतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, शिवाय तीन महिने लायसन्स जातं. बसवू नका.

प्रश्न : १५० सीसी, दोन प्लगची गाडी, ४०,००० किलोमीटर चालली आहे. एक्झॉस्टची रिंग, मॅनिफोल्ड, कार्बोरेटर सगळं पाहून झालं. मूठ सोडल्यावर तर आवाज येतोच, हल्ली आयडलिंगलाही मधूनच फट् होतं. गरम झाल्यावर सुरू व्हायला त्रास देते.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आयडलिंगला फट् आणि गरम असताना सुरू होण्यात अडचण, या दोन्ही एकत्र आल्या की एक्झॉस्टचा टॅपेट (व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांच्यामधली फट जुळवण्याचा स्क्रू) घट्ट झाला असावा असं समजून चला. व्हॉल्व्ह हळूहळू आपल्या सीटमध्ये रुततो आणि टॅपेटमधली फट कमी होत जाते. शेवटी फट संपते, इंजिन तापलं की व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही आणि जळतं मिश्रण त्या चिरेतून एक्झॉस्टमध्ये निसटतं. ‘टॅपेट वाजत नाही म्हणजे इंजिन मस्त’ हा समज इथे घात करतो. वाजणारा टॅपेट फक्त आवाज करतो, न वाजणारा व्हॉल्व्ह जाळतो.

रात्रभर थंड झालेल्या इंजिनवर मापा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, मॅग्नेटची ‘टी’ खूण जुळवा आणि दोन्ही रॉकर हाताने किंचित हलतात का पाहा. हलत नसतील तर पिस्टन एक्झॉस्टच्या फेरीत आहे, क्रँक आणखी एक फेरा फिरवा. अशा छोट्या इंजिनांत फट बहुधा ०.०५ ते ०.१० मिमीच्या दरम्यान असते. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या, इनटेक आणि एक्झॉस्टचा वेगळा असू शकतो. फीलर गेज (ठरावीक जाडीची पट्टी) किंचित ओढ घेत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मापा.

फट बरोबर करूनही सुधारणा नसेल तर व्हॉल्व्ह जळला आहे का ते पाहावं लागेल. प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा (पिस्टन वरच्या टोकाला, गाडी गिअरमध्ये, मागचा ब्रेक दाबलेला) आणि कान लावा. सायलेन्सरमधून हवा येत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून येत असेल तर इनटेक, तेल भरायच्या झाकणातून येत असेल तर पिस्टनच्या रिंगा.

दोन प्लगचीही खात्री करा. एक प्लग मेला तरी गाडी चालत राहते, फक्त मिश्रण सावकाश जळतं आणि जळता-जळताच एक्झॉस्टमध्ये जातं. इंजिन बंद करून एका प्लगची कॅप काढा, त्या कॅपमध्ये सुटा प्लग घालून तो इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा, मग सुरू करा. आयडलिंग किंचित उतरलं पाहिजे. फरकच पडला नाही तर त्या बाजूचा प्लग, कॅप किंवा कॉइल गेली. मग हेच दुसऱ्या बाजूला. कॅप चालू गाडीवर ओढून काढू नका, झटका बसतो आणि सीडीआय (ठिणगी देणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) जळू शकतो.

प्रश्न : जुनी कास्ट आयर्न बुलेट ३५० घेतली आहे. आवाज सायलेन्सरमधून नाही, किक मारताना कार्बोरेटरमधून ठसका येतो, कधी किक उलट बसते. सेटिंग कळवाल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हा वेगळा रोग आहे. सायलेन्सरमधला बार उशिरा जळण्याचा असतो, कार्बोरेटरमधला ठसका बहुधा लवकर पेटण्याचा. किक उलट बसते म्हणजे टायमिंग पुढे गेलं आहे, ठिणगी हवी त्याच्या आधीच पडते. घोटा मोडू शकतो, म्हणून सेटिंग होईपर्यंत किक मारूच नका.

आधी कॉन्टॅक्ट पॉइंटची (उघडताच ठिणगी पाडणाऱ्या स्विचची) फट, मग टायमिंग, हा क्रम मोडू नका. फट बदलली की टायमिंगही बदलतं : फट वाढली की पॉइंट लवकर उघडतो आणि ठिणगी आधी पडते. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना फट ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा. नंतर पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाच्या ०.८ मिमी अलीकडे आणा. ऑटो ॲडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणाऱ्या व्यवस्थेची) वजनं मिटलेली असताना पॉइंट नेमके तिथे उघडू लागले पाहिजेत. दोन पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून ठेवा, तो सुटतो ती वेळ. वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या असतील तर वजनं मिटत नाहीत, आयडलिंगलाच ॲडव्हान्स राहतो आणि सेटिंग बरोबर असूनही किक उलटते.

पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) थंड इंजिनवर, पिस्टन वरच्या टोकाला असताना, बोटांनी सहज फिरले पाहिजेत, पण वर-खाली हलता कामा नयेत. डिकॉम्प्रेसरच्या (किक हलकी व्हावी म्हणून सिलिंडरचा दाब सोडणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हच्या) वायरला थोडी ढिलाई असू द्या. वायर ताणलेली असेल तर तो छोटा व्हॉल्व्ह उघडा राहतो, कॉम्प्रेशन उतरतं आणि तुम्ही टायमिंगमध्ये दोष शोधत बसता. या गाडीच्या मिकार्ब कार्बोरेटरचा स्क्रू हवेचा आहे, आत फिरवला की मिश्रण दाट. थंड गाडी ठसकत असेल तर तो बाहेर सोडू नका.